टाकायचं म्हणजे कुठं?

घर भाड्याने देणारे पहिल्या भेटीत काय काय विचारतात, हे तोवर मला पाठ झालं होतं. आडनाव काय, गाव कुठलं, मासे-मटण करणार का, घरी कोण येणार-जाणार. कांजूरमार्गला पूर्वेकडे एक बाई आपल्या घरातली एक खोली नोकरी करणाऱ्या मुलीला देणार आहेत, असं ऑफिसातल्या एकीने सांगितलं, तेव्हा ही सगळी उत्तरं तयार ठेवूनच मी गेले. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, उंच, काटक बाईंनी. केस मागे घट्ट बांधलेले, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, नाव विचारलं. त्यानंतरचा प्रश्न होता:

"पाळीच्या वेळी काय वापरतेस?"

मी पाण्याचं भांडं हातात धरून तशीच बसले. मालवणकडच्या गावातून आलेली मी. इतकं सरळ मला माझ्या आईनेही कधी विचारलं नव्हतं. चाचरत उत्तर दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते टाकतेस कुठं?"

"कचऱ्यात."

"कचरा कुठं जातो?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

त्या उठल्या, गॅलरीचं दार उघडून मला तिथे उभं केलं. समोर इमारती, त्यांच्या पलीकडे खाडीच्या अंगाला फिकट आभाळ. "वारा फिरला की कळेल तुला," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. खोली मला मिळाली. आडनाव त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.

वारा फिरला तो त्याच आठवड्यात. संध्याकाळी घरी आले तर सगळ्या इमारतीच्या खिडक्या बंद, आणि जिन्यातसुद्धा तो वास. आंबट, गोडसर, घशाला चिकटणारा. मुंबईचा कचरा जिथे नेऊन टाकतात ती जागा आमच्यापासून फार लांब नव्हती. सगळ्या शहराचं 'बाहेर' म्हणजे आमचा शेजार होता.

इमारतीतले सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. माहेर बुलढाण्याकडचं. वडील गावाकडून मुंबईला आले, पोरींना शिकवायचंच ह्या एका हट्टाने चेंबूरच्या झोपडपट्टीत राहिले आणि ही थोरली नर्स झाली. लग्नानंतर त्या कांजूरला आल्या. मिस्टर विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते, मी यायच्या आधीच गेले. एकुलती मुलगी लग्न होऊन मरोळला. बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक छोटी मूर्ती, तिच्यापुढे गॅलरीतलंच एखादं फूल, आणि बाकी घर, थिएटर जसं लावतात तसं लावलेलं.

म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला चिकटपट्टीवर निळ्या शाईने लिहिलेलं नाव. डाळी-कडधान्यं जॅमच्या आणि लोणच्याच्या जुन्या बाटल्यांत. दाराच्या मागे कापडी पिशव्या ओळीने टांगलेल्या: भाजीची, किराण्याची, आणि आत डबा असलेली मासळीची. भांडी घासायला घोसाळ्याची वाळवलेली जाळी, कपड्यांना रिठे. गॅलरीत गळा फुटलेले पाण्याचे माठ होते. त्यांत भाजीची सालं, माशांचे काटे, कोळंबीची टरफलं, चहाचा चोथा, सगळं थरावर थर जायचं आणि काही महिन्यांनी त्याची काळी भुसभुशीत माती व्हायची. घरी पाहुणा आला की सिस्टर त्याला चहाच्या आधी ती माती हुंगायला लावायच्या. "वास येतोय का?" असं विचारायच्या. नाही म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे.

पहिल्या सकाळी मी चहासाठी दुधाची पिशवी फोडली आणि कात्रीने कापलेला कोपरा ओट्यावर टाकला. सिस्टरांनी तो चिमटीत उचलून माझ्यापुढे धरला. "पिशवीला चीर द्यायची, कोपरा तोडायचा नाही. पिशवी भंगारवाला नेईल. हा एवढासा तुकडा कोण नेणार? हा गटारात जाणार, तिथून खाडीत." मला वाटलं, एवढ्याशा तुकड्यासाठी केवढं. पण दुसऱ्या दिवसापासून मी चीर द्यायला लागले आणि आजही देते. धुतलेल्या पिशव्या चिमट्याने दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या, लोक रुमाल घालतात तशा.

त्यांच्या तोंडी एकच वाक्य सारखं असायचं. कोणी म्हणालं, हे टाकून द्या आता, की त्या विचारायच्या, "टाकायचं म्हणजे कुठं?" रागाने नाही, अगदी खरोखर विचारल्यासारखं. समोरचा हसायचा, मग थोडा विचार करायचा, मग वैतागायचा. हा क्रम मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

एकदा मी विचारलं की हे वेड आलं कुठून. मला वाटलं होतं, त्या डम्पिंगच्या वासाबद्दल काही सांगतील. त्यांनी थिएटरमधली गोष्ट सांगितली. पोट शिवून बंद करायच्या आधी नर्सने रक्त टिपायच्या गॉजचे, म्हणजे जाळीदार कापडाचे, सगळे तुकडे मोजायचे असतात. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. नवीन असताना एकदा त्यांचा हिशेब एका तुकड्याने चुकला. सर्जन थांबले, भूलतज्ज्ञ थांबले, सगळे बादल्या उपसायला लागले. शेवटी तुकडा सापडला सिस्टरांच्याच चपलेखाली. "त्या दिवशी कळलं," त्या म्हणाल्या, "वस्तू नाहीशी होत नसते. आपल्याला दिसत नाही एवढंच. कुठंतरी असते, आणि बहुतेक आपल्याच पायाखाली असते."

शेजाऱ्यांना त्यांचा धाक होता आणि थोडी मजाही वाटायची. दिवाळीत कोणी चकचकीत कागदातला सुक्यामेव्याचा खोका आणला, तर सिस्टर आनंदाने घ्यायच्या, तिथल्या तिथे उघडायच्या, काजू-बदाम आपल्या स्टीलच्या डब्यात ओतायच्या आणि खोका, कागद, रिबीन सगळं आणणाऱ्याच्या हातात परत द्यायच्या. पहिल्या वर्षी लोकांना राग आला म्हणे. मी राहायला गेले तोवर सगळी इमारत त्यांच्याकडे फराळ घरच्या डब्यातून आणायला शिकली होती.

आणि मिस्टरांचे शर्ट. ते गेल्यावर नातेवाईक म्हणाले, कपडे देऊन टाका कोणाला तरी. चांगले होते ते सिस्टरांनी दिले. विरलेले होते ते फाडून त्यांची फडकी केली. त्यांच्या घरात गॅस पुसायचं फडकं बारीक रेघांचं, पंख्याचं फडकं चॉकलेटी, आणि प्रत्येकाला त्या 'मिस्टरांचा शर्ट' असंच म्हणायच्या. नणंदेला हे अजिबात आवडलं नव्हतं. नवऱ्याच्या शर्टाने ओटा पुसतात का, असं ती तोंडावर म्हणाली. सिस्टर तिला म्हणाल्या, "कपाटात ठेवला असता तर कसर लागली असती. इथे रोज हातात तरी आहे."

माझी आई एकदा गावाहून आली. येताना कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी असं सगळं जुन्या कपड्यांच्या पुरचुंड्यांत बांधून आणलं होतं, एकही प्लास्टिकची पिशवी नाही. सिस्टर खूश झाल्या. त्यांनी आईला सगळं घर फिरवून दाखवलं: माठ, जाळी, पिशव्या, बाटल्या. आईने कौतुकाने पाहिलं, पण आम्ही दोघीच उरल्यावर मला म्हणाली, "ह्यात नवीन काय ता? आमच्याकडे असाच असता." मग थोडं थांबून म्हणाली, "पण आमच्याकडे चार बायका असतत घरात. ही एकटी करता."

आईचं ते बोलणं मी तेव्हा सोडून दिलं. पण सिस्टरांचा दिवस त्यानंतर जरा नीट पाहिला. पहाटे उठल्यापासून दिवे लागेपर्यंत त्या बाई धुवत, वाळवत, वेगळं करत, घडी घालत, शिवत असायच्या. निवृत्त होत्या, तब्येत ठणठणीत होती, एकट्या होत्या. त्यांना ते जमत होतं.

मुलीला दिवस गेले तेव्हा सिस्टरांना झालेला आनंद त्यांनी कोणाला बोलून दाखवला नाही. पण मिस्टरांची ट्रंक माळ्यावरून खाली आली. तिच्यात त्यांच्या लुंग्या होत्या, वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेल्या, निळ्या चौकड्यांच्या. सिस्टरांनी त्या कापल्या आणि मशीनवर बसल्या. लंगोट, दुपटी, झबली. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की थप्पी थोडी वाढलेली दिसायची. हातात घेऊन मला म्हणायच्या, गालाला लावून बघ.

मुलगी अंधेरीला एका बँकेत होती. बोलायला मोकळी, आईसारखीच उंच. मी तिला ताई म्हणायचे. बाळंतपणाला माहेरी यायच्या आधी ती एकदा येऊन गेली, तेव्हा आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो आणि ती आपल्या लहानपणाबद्दल सांगत होती. तिच्या वाढदिवसाला फुगे कधी नसायचे, जुन्या साड्यांच्या पट्ट्यांच्या झालरी असायच्या. शाळेत मैत्रिणींच्या वह्यांना गुळगुळीत कव्हरं, हिच्या वह्यांना रुग्णालयातल्या जुन्या कॅलेंडरचं पान. "तेव्हा लाज वाटायची," ती म्हणाली. "आता वाटतं, छान होतं ते. पण यार, तेव्हा मला फुगे हवे होते." आणि हसली.

सिझेरियन झालं, मुलगी झाली, आणि बाळ-बाळंतीण कांजूरला आली. जावयाने बरोबर डायपरचा एक भला मोठा खोका आणला होता. सिस्टर त्याला गोड बोलल्या, जेवायला घातलं आणि जाताना तो खोका त्याच्याच हातात परत दिला. ताई पलंगावर पडल्या पडल्या बघत होती. त्याच वेळी तिच्या हातात ते निळ्या चौकड्यांचं दुपटं होतं.

"बाबांची लुंगी?" तिने विचारलं.

"हो. मऊ झालीये ना आता?"

ताईने ते दुपटं तोंडावर घेतलं.

पहिले काही दिवस घर नुसतं फुलून आलं होतं. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, शेक. सिस्टर रुग्णालयातल्यासारख्या सगळं वेळेवर करत होत्या. लंगोट भिजवायचे, सोड्याच्या पाण्यात उकळायचे, पिळायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे. मग पावसाने झड लावली. श्रावण तोंडावर आला होता आणि आठवडाभर सूर्य दिसला नाही. दोरीवर काही वाळेना. लंगोट स्वयंपाकघरात आले, खुर्च्यांच्या पाठींवर आले, पंख्याखाली आले, आणि सिस्टरांनी मला विचारून माझ्या खोलीतही दोरी बांधली. घरभर एक दमट, ओलसर वास साठला. खिडक्या उघडाव्यात तर वारा नेमका खाडीकडून.

बाळाच्या मांड्यांवर लाल पुरळ उठलं. ताईचे टाके दुखत होते, दूध कमी पडत होतं, आणि लंगोट ओला झाला की बाळ उठायचं, बाळ उठलं की ती उठायची. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बोलताना मधेच थांबायची आणि आपण काय बोलत होतो ते तिला आठवायचं नाही. सिस्टरही तिच्याबरोबर उठायच्या. एका दुपारी इस्त्री करता करता त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि एक झबलं जळून गेलं. त्यांनी ते जळकं झबलं कोणाला दिसू न देता उचललं. मला दिसलं होतं, पण मी विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी घरी होते. सकाळी बेल वाजली. सामान पोचवणारा माणूस होता, ओटीपी मागत होता. सिस्टर म्हणाल्या, आम्ही काही मागवलं नाही. आतून ताईने आकडा सांगितला. त्याने डायपरचं पाकीट सिस्टरांच्या हातात दिलं आणि गेला.

सिस्टरांनी पाकीट टेबलावर ठेवलं. पलंगाशी गेल्या. आवाज चढवला नाही. तो त्या कधीच चढवत नसत.

"हे टाकायचं कुठं, सांग मला."

"सगळे टाकतात तिथे, आई."

"तिथे म्हणजे तुझ्या ह्या खिडकीबाहेर. तुझी ही पोर म्हातारी होईल तरी ते तिथेच असणार आहे."

"माहितीये मला. लग्नापर्यंत मी ह्याच वासात राहिलेय," ताई म्हणाली. ती हळूहळू उठून बसली, एक हात टाक्यांवर धरून. "तू बरोबर आहेस. तू नेहमी बरोबरच असतेस. पण तुझं हे घर तुझ्या हातांवर चालतं आई. दिवसभर तू त्याच्यामागे असतेस म्हणून ते असं आहे. माझ्याकडे तेवढा दिवस नाहीये. मला फक्त झोप हवीये."

"मी आहे ना. माझे हात आहेत."

"तुझे हात बघितलेस?"

सिस्टरांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. सोड्याने आणि गरम पाण्याने बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलली होती, एका ठिकाणी रक्त दिसत होतं. थिएटरच्या नर्सचे हात. त्यांनी ते पदराखाली घेतले.

"मी तुला ह्यात बुडवणार नाही," ताई म्हणाली, "आणि मीही बुडणार नाही."

त्याच संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला. सव्वा महिना व्हायचा होता, पण सिस्टरांनी अडवलं नाही. लाडवांचा डबा भरून दिला, काढा कसा करायचा ते सांगितलं, बाळाला कुंची घालून दिली. दुपटी ताईने नेली, लंगोट राहिले. इमारतीतल्या बायका जिन्यात उभ्या होत्या. त्यांना सिस्टर म्हणाल्या, की इथे फार ओल आहे, बाळाला मानवत नाही.

नंतर त्यांनी मागे राहिलेले सगळे लंगोट पुन्हा एकदा उकळले, उघडीप मिळाली तसे वाळवले, इस्त्री करून थप्पी लावली आणि ट्रंकेत ठेवले. पण घर काहीतरी बिघडल्यासारखं झालं. माठात साल टाकली तर वर माती घालायची राहून जायची. एकदा दुधाच्या पिशवीचा तुटलेला कोपरा ओट्यावर पडलेला मला दिसला. तो मी तोडलेला नव्हता. मी गुपचूप उचलला आणि कुठे टाकावा हे न कळून बराच वेळ मुठीत धरून उभी राहिले.

ताईचा रोज फोन यायचा. बाळाने काय केलं, वजन किती वाढलं, ताईला ताप तर नाही ना, सगळं बोलणं व्हायचं. ते एकच सोडून. मला त्या दोघींपैकी कोण चुकलं हे ठरवता येत नव्हतं, आजही येत नाही. कचऱ्याबद्दल सिस्टर म्हणत होत्या त्यातलं अक्षर खोटं नव्हतं. पण माझी आई म्हणाली होती ते मला सारखं आठवायचं. कधी काळी चार बायकांनी मिळून पेललेलं काम एका बाईच्या खांद्यावर आलं, तर ते चांगलं असूनही तिला मोडू शकतं. आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसरीलाही.

नंतरच्या एका रविवारी सिस्टर चांगली साडी नेसून माझ्या दारात आल्या. "मरोळला चल माझ्याबरोबर," म्हणाल्या. खाली उतरल्यावर रिक्षा न बघता त्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरल्या आणि तिथल्या माणसाला म्हणाल्या, डायपर दाखवा. त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सिस्टर अनेक वर्षं त्याच्याकडून औषधं घेताना कागदी पाकीटसुद्धा परत करत आल्या होत्या. त्याने दोन-तीन प्रकार काढून ठेवले. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पाकिटावरचं सगळं वाचलं, बाळाचं वजन सांगितलं, कुठल्याने पुरळ कमी येतं ते विचारलं. एक निवडलं. तो काळ्या पिशवीत घालायला लागला.

"पिशवी नको," सिस्टर म्हणाल्या.

ते पाकीट तसंच छातीशी धरून त्या रस्त्याने चालू लागल्या. आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू समोरून भाजी घेऊन येत होत्या. त्या थबकल्या. पाकिटाकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही?"

"हो, मी," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

रिक्षा पवईच्या तलावावरून गेली. ते पाकीट मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, सांगावं काहीतरी, की एवढं मनाला लावून घेऊ नका. पण तसं म्हणण्याने त्यांचा अपमान झाला असता. त्यांना काय वाटतंय ते त्यांना चांगलं माहीत होतं. एका वस्तूचं पुढे काय होणार हे पूर्ण ठाऊक असून त्यांनी ती विकत घेतली होती, आणि ते त्या स्वतःपासूनही लपवत नव्हत्या.

ताईचं घर उंच टॉवरमध्ये होतं. तिनेच दार उघडलं, कडेवर बाळ. आईच्या हातातलं पाकीट तिने पाहिलं आणि ती दारातच उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, "आत येऊ दे की." मग पाकीट तिच्या हातात न देता आत जाऊन बाळाच्या कपड्यांशेजारी ठेवलं, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि बाळाला मागून घेतलं.

बाळ ओलं झालं होतं. सिस्टरांनी पाकीट फोडलं, एक डायपर काढला आणि उलटापालटा करून पाहिला. ज्या बाईने उभ्या जन्मात सर्जनच्या हातात चुकीचं अवजार दिलं नव्हतं, तिला त्याची पुढची बाजू कुठली ते कळेना.

"आई, ही पट्टी मागे," ताई म्हणाली. "आता ही इकडून ओढ. एवढी घट्ट नको. बोट जायला हवं आत."

"अशी?"

"हं, अशी."

सिस्टरांनी बोट घालून पाहिलं, मान डोलावली. बाळाने पाय झाडले. त्या दोघी त्या पायांकडे बघत राहिल्या आणि एकमेकींकडे बघणं त्यांनी टाळलं.

पुढे त्यांचं काय ठरलं तेही सांगते. सिस्टर आठवड्यातले काही दिवस मरोळला जाऊ लागल्या. त्या असतील त्या दिवशी लंगोट, नसतील त्या दिवशी आणि झोपताना डायपर. वाद पुरते संपले असं नाही. ताईने घरात ओल्या कचऱ्यासाठी एक डबा ठेवला, तो काही आठवड्यांनी बंद पडला, मग पुन्हा सुरू झाला. सिस्टर बोलायच्या, ताई ऐकायची, कधी ऐकायची नाही. कांजूरच्या घरातली मातीही पुन्हा भुसभुशीत झाली. मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा त्यांनी मला त्यातली एक घमेलंभर माती दिली, आणि आमच्या गॅलरीत तिच्यात आता कढीपत्ता आहे.

पण त्या रविवारी ह्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. जावई कामानिमित्त बाहेरगावी होता. ताईने आम्हाला चहा करून दिला आणि पलंगाच्या कडेला टेकली. सिस्टर तिला बाळाच्या पुरळाबद्दल काहीतरी विचारत होत्या. उत्तर आलं नाही. बघितलं तर ती बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडून झोपली होती, पाय अजून खालीच, एक चप्पल पायात. सिस्टरांनी मला खूण केली. मी चप्पल काढली, पाय उचलून वर ठेवले. ती हललीसुद्धा नाही.

दारावर कचरा न्यायला बाई आली. सिस्टर बाळाला घेऊन उठल्या, मोरीजवळची बांधलेली पिशवी स्वतः उचलून दाराशी नेली आणि तिच्या हातात दिली. ती बाई लिफ्टकडे गेली. सिस्टर लिफ्टचं दार बंद होईपर्यंत उभ्या होत्या. मग आत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं. मी इतक्या महिन्यांत त्या बाईंना काही न करता बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. घडी घालायला कपडे समोर होते, ओट्यावर खरकटी भांडी होती. त्या उठल्या नाहीत. मी भांडी घासायला गेले तर मानेनेच नको म्हणाल्या, आवाज होईल.

उन्हं उतरली. समोरच्या टॉवरच्या काचा पिवळ्या झाल्या, मग राखाडी. ताई एकदम दचकून जागी झाली. इतका वेळ आपण झोपलो ह्याचीच तिला भीती वाटली असावी. अंधारलेल्या खोलीत तिचा हात शेजारची रिकामी जागा चाचपडत राहिला.

"बाळ?"

"माझ्याकडे आहे," सिस्टर म्हणाल्या. "तू झोप अजून."